हॅग्लर विरुद्ध हॅग्लर

वीटा हॅग्लरवर दावा ठोकणारी ती बाई म्हणजे मीच. तिची सख्खी भावजय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की नेल्डानं लपवलं. आमच्या पाइकवेलमध्ये तसंही काही लपत नाही. पश्चिम टेक्ससमधलं एकोणीसशे वस्तीचं गाव. निम्मं माझ्या नवऱ्याच्या नात्यातलं, आणि उरलेलं लहानपणी वीटाच्या बसमधून शाळेत गेलेलं.

एकतीस वर्षं वीटानं शाळेची चार नंबरची बस चालवली. लांबच्या कापसाच्या शेतांवरची पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी परत नेऊन घालायची. रोजचे चव्वेचाळीस मैल. बसला कधी ओरखडा नाही. एकदा मार्चमध्ये धुळीचं असं वादळ आलं, की तिला काचेपलीकडचं काही दिसेना. तिनं बस रस्त्याच्या खाली घेतली, दिवे बंद केले, म्हणजे दिवे बघून मागून कुणी अंगावर यायला नको, आणि तेवीस पोरांना घेऊन अडीच तास बसून राहिली. प्रत्येकाला एकेक पेपरमिंटची गोळी दिली आणि म्हणाली, "वारा पडला की निघू." बस्स! एवढंच केलं तिनं. पण गाव अजून ती गोष्ट सांगतं. त्याच दिवशी मी चर्चमध्ये एका मयताच्या घरच्या सव्वीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं केला होता. तो एकालाही आठवत नाही.

दिसायला म्हणाल तर उंच, हाडापेरानं मोठी, हात पुरुषासारखे. केस स्वतःच कापते, आणि ते कळतंसुद्धा. लग्न केलं नाही. एक जण विचारून गेला होता म्हणे. त्याला काय उत्तर दिलं ते तिनं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारच नाही. तोंडाला कुलूप लावूनच जन्माला आली बया. गाडी चालवताना तर रेडिओही लावत नाही.

आणि गाव त्याच्यावरच भाळलंय! आमच्याकडे मोठा दवाखाना म्हणजे ऐंशी मैल. कुणाचं डायलिसिस असो, कुणाचं डोळ्यांचं ऑपरेशन असो, कुणाचा मुलगा तुरुंगातून सुटणार असो, फोन वीटाला. तिच्या त्या जुन्या ब्यूइक गाडीत माणसं रडतात, शिव्या देतात, नाही नाही ते बोलतात, आणि गाडीतून उतरली की संपलं. तिच्या तोंडून पुढे एक शब्द जात नाही.

मी चर्चच्या ऑफिसात काम करते. बावीस वर्षं झाली. बुधवारची प्रार्थनेची यादी मीच टाईप करते. लोक दाराजवळच्या पेटीत चिठ्ठ्या टाकतात, अमक्याच्या गुडघ्यासाठी, तमक्याच्या नोकरीसाठी, आणि मी त्या नीट लिहून बुधवारी संध्याकाळी सगळ्यांपुढे वाचते. ज्याला नावही सांगायचं नाही आणि दुखणंही, तो नुसतं ‘न सांगितलेली विनंती’ असं लिहितो. मला ते कधीच पटलं नाही. अहो, काय मागायचं ते देवाला कळतं, पण आपल्याला कळलं तर आपण जास्त मनापासून मागू की नाही? माझे नवरोबा, डॉयल, वीटाचा धाकटा भाऊ, एकदा म्हणाले, "नेल्डा, तुझी यादी वाचली की पेपर घ्यायची गरज नाही." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

आमची एकुलती एक मुलगी, केंड्रा. माझं पहिलं बाळ राहिलं नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी ही झाली. आणि झाली ती कुणाच्या खांद्यावर गप्प व्हायला? वीटाच्या. माझ्याकडे रडायची, तिच्याकडे दिलं की मेली डोळे मिटायची. लोक हसायचे, "आत्याची लेक!" मीही हसायचे. पोटात आग व्हायची, पण हसायचे. शाळेत जायला लागली तेव्हा शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. चालत पाच मिनिटं. तर ही कार्टी पहाटे उठून वीटाच्या घरी जायची, बसमध्ये तिच्या मागच्या सीटवर बसायची आणि बावीस मैलांची फेरी मारून दोन गल्ल्यांवरच्या शाळेत उतरायची! सहा वर्षं. मी गरम बिस्किटं करून वाट बघायची आणि ती तिकडे पेपरमिंट चघळत कापसाची शेतं बघायची.

सोळाव्या वर्षी ती एकदा माझ्याकडे आली. स्वतःहून. रात्ररात्र झोप लागत नाही, उगाच रडू येतं, शाळेतल्या बाईंनी डॉक्टरला दाखवायला सांगितलंय, म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. माझा जीव इतका कळवळला, आणि खरं सांगते, इतका आनंदही झाला, की माझ्याकडे आली, वीटाकडे नाही! आणि बुधवारी मी काय केलं, तर यादीत लिहिलं: ‘केंड्रा हॅग्लर, मनाच्या आजारातून बरी व्हावी म्हणून.’ आईच्या मायेनं लिहिलं. शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्याला तीन बायकांनी तिला सगळ्यांसमोर मिठी मारून सांगितलं, "आम्ही प्रार्थना करतोय हं, बाळ." ती घरी आली, जेवली, झोपायला गेली. त्यानंतर सात वर्षं तिनं मला हवापाण्यापलीकडे काही सांगितलं नाही.

आता त्या ऑक्टोबरचं सांगते. दोन हजार एकवीसचा. केंड्रा तेवीस वर्षांची, शहरात एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला, रविवारी जेवायला घरी यायची. त्या सप्टेंबरपासून आमच्या राज्यात नवा कायदा लागू झाला होता: पोटातल्या बाळाचे ठोके लागले की गर्भपात बंद. आणि पहारा पोलिसांनी ठेवायचा नाही, तो आपण ठेवायचा. टेक्ससमधल्या कुणीही उठावं आणि मदत करणाऱ्यावर दावा लावावा. त्या बाईवर नाही. डॉक्टरवर, पैसे देणाऱ्यावर, हातभार लावणाऱ्यावर. जिंकलात तर कमीत कमी दहा हजार डॉलर. चर्चमध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मी तर दोनदा ऑस्टिनला, राजधानीत, गर्भपाताविरुद्धच्या मोर्चाला जाऊन आलेली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारी पेटीत एक चिठ्ठी निघाली. नाव नाही. ‘उद्या लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या दोघींना देवानं सुखरूप नेऊन आणावं.’ सगळी मोठी अक्षरं, सरळ रेषेत, बसच्या वहीत लिहितात तशी. मी ती टाईप केली, वाचली, आणि एकोणचाळीस माणसांनी डोळे मिटून त्या दोघींसाठी प्रार्थना केली. मीही केली. चांगली मन लावून केली.

अक्षर कुणाचं ते मला तेव्हाच कळलं होतं. वाटलं, कुणा बाईला केमोला नेत असेल. नेहमीचंच.

नोव्हेंबरात बदली ड्रायव्हर लॉनी ऑफिसात कॉफी प्यायला आला. म्हणाला, "वीटानं गेल्या महिन्यात दोन दिवस सुट्टी घेतली. एकतीस वर्षांत पहिली! आम्हाला वाटलं, गेली म्हातारी."

"कुठं गेली होती?"

"ते तुला माहीत असायचं, नेल्डा. तुझी लेकच तर होती गाडीत. सकाळी मी पेट्रोल भरत होतो, दोघी पश्चिमेला गेल्या."

माझा कॉफीचा कप हातातच राहिला. केंड्रा. दोन दिवस. आणि त्या रविवारी ती जेवायला आली नव्हती, पोटात बिघाड झालाय म्हणाली होती. मी विचार करकरून वेडी झाले. पश्चिमेला काय आहे? न्यू मेक्सिको आहे. आणि तिथं हा कायदा नाही.

थँक्सगिव्हिंगला सगळे आमच्याच घरी. टर्की मी केली, सारण मी केलं, तीन ॲपल पाय मी भाजले. वीटानं नेहमीप्रमाणे दुकानातले पाव आणले, आणि केंड्रा म्हणते, "आत्याचे पाव मस्त आहेत." दुकानातले! जेवणं झाल्यावर वीटा माझ्याबरोबर भांडी पुसायला उभी राहिली. मी नळ बंद केला.

"ऑक्टोबरात दोन दिवस कुठं होतीस?"

तिनं ताट पुसून ठेवलं. दुसरं घेतलं. "ते तुला माझ्या तोंडून कळणार नाही, नेल्डा."

"माझी मुलगी आहे ती."

"आहे ना. मग तिला विचार."

"तुला कुणी अधिकार दिला गं? पोटची पोर नाही, नवरा नाही, आणि माझ्या पोरीची आई व्हायला निघालीस!"

वीटानं पुढचं ताट उचललं. दारात केंड्रा उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"अल्बुकर्कीला नेलं होतं तिनं मला," केंड्रा म्हणाली. "मला दिवस गेले होते. आता नाहीत. झालं समाधान? का अजून काही लिहून घ्यायचंय?"

नातवंड. माझं नातवंड होतं आणि मला ते गेल्यावर कळलं. मी त्या रात्री रडले, ते खोटं नव्हतं. पण रडताना माझ्या डोळ्यांपुढे बाळ येत नव्हतं हो. डोळ्यांपुढे येत होती ती ब्यूइक, आणि तिच्यात शेजारी शेजारी बसलेल्या दोघी. आणि मी त्यांच्यासाठी केलेली ती प्रार्थना! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

केंड्रा त्याच संध्याकाळी कोट उचलून वीटाकडे राहायला गेली. नाताळलाही आली नाही. मग मी चर्चच्या ऑफिसातलं कपाट उघडलं. पेटीतल्या चिठ्ठ्या महिन्याच्या शेवटी मागच्या अंगणातल्या पिंपात जाळायच्या असा आमचा रिवाज आहे, देवाकडे गेलेलं माणसांकडे राहू नये म्हणून. पण त्या वर्षी दुष्काळ होता, जिल्ह्यात उघड्यावर जाळायला बंदी होती, आणि ऑगस्टपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या एका बुटाच्या खोक्यात पडून होत्या. ती मोठ्या अक्षरांची चिठ्ठी मला दुसऱ्याच मिनिटाला सापडली.

जानेवारीत मी वकील गाठला. प्रुएट नावाचा पोरगेलासा, असे दावे फुकट लढवणारा. मी त्याला विचारलं, "पण माझा संबंध काय असं विचारलं तर?"

तो हसला. "त्यातच तर गंमत आहे, मॅडम. तुमचा काही संबंध असायची गरजच नाही. तुमचं काही बिघडलं हे दाखवायला नको. कुणीही, म्हणजे कुणीही."

मला बाई इतकं बरं वाटलं! उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी मला ‘तुला काय करायचंय’ असं म्हणत नव्हतं. आणि मला दहा हजार नको होते. मला केंड्रा परत हवी होती, आणि वीटा तिच्या मनातून उतरायला हवी होती. एकदा वीटाला कोर्टात उभं केलं, चार लोकांत तिची शोभा झाली, की पोरीला कळेल आपलं कोण आणि परकं कोण. असा माझा हिशेब.

दावा लागला तसा शाळेच्या लोकांनी वीटाला सांगितलं, निकाल लागेपर्यंत बस चालवू नकोस. तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी चालत गेली म्हणे. डॉयल त्या दिवशी गॅरेजमधून आतच आले नाहीत. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "माझी बहीण आहे ती, नेल्डा."

"आणि मी कोण?"

"तू माझी बायको आहेस. म्हणून तर इथं गॅरेजमध्ये बसलोय. नाहीतर तिच्याकडे गेलो असतो."

मला वाटलं होतं चर्च तरी माझ्या बाजूनं उभं राहील. ज्यांनी टाळ्या वाजवल्या तीच माणसं ना? पहिले आठ दिवस राहिलीही. "धीर धर, नेल्डा. देवाचं काम करतेयस." मग प्रुएटनं पुरावा म्हणून ती चिठ्ठी कोर्टात लावली, आणि गावात ते कळलं. झालं! पुढच्या बुधवारी पेटी रिकामी. एक चिठ्ठी नाही. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. पास्टर गेलननी मला आत बोलावलं. "वीटानं केलं ते चूकच," ते म्हणाले, "पण तुम्ही पेटीत हात घातलात." सगळ्या गावाला वीटाच्या पापापेक्षा माझी चिठ्ठी मोठी झाली. पोरीला परराज्यात नेऊन मोकळी केली ती वीटा राहिली बाजूला, आणि लोक मला बघून गल्ली बदलायला लागले. तिकडे वीटाच्या दारात लोक डबे ठेवून जात होते. गर्भपाताच्या विरुद्ध मत देणारे लोक! कॅसेरोल, बीन्स, कॉर्नब्रेड. माझ्याच शेजारणीचं भांडं मी तिच्या ओट्यावर ओळखलं. म्हणजे मी काय केलं असतं म्हणजे माझ्या ओट्यावर कुणी भांडं ठेवलं असतं, सांगा बरं?

मार्चमध्ये सुनावणी झाली. बाहेर वारा असा, की कोर्टाच्या खिडक्या थरथरत होत्या. अर्धं गाव आलं होतं. वीटा तिच्या बसच्या निळ्या जॅकेटमध्ये, हात मांडीवर. तिच्या बाजूनं म्हातारे ओडम वकील, जे एरवी मृत्युपत्रं आणि बांधांची भांडणं करतात. आणि वीटाच्या बरोब्बर मागच्या बाकावर केंड्रा. बसमध्ये बसायची तशीच.

ओडमनी आधी सांगितलं, की झालं ते परराज्यात झालं, आमच्या कायद्याची हद्दच नाही. मग मला समोर बसवलं. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलंय, पण आवाज कसा अगदी परक्यासारखा.

"मिसेस हॅग्लर, या सगळ्यात तुमची नोकरी गेली?"

"नाही."

"काही इजा झाली? घर, जमीन, काही गेलं?"

"नाही."

"मग वीटानं तुमचं नेमकं काय घेतलं?"

प्रुएट ताडकन उठला. "हरकत आहे! बाईंचं काही गेलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. कुणीही दावा लावू शकतं."

जज साहेबांनी चष्मा काढला. "कायदा मी वाचलाय. पण ज्याला लागलंय त्यानं या दारात यावं, अशी आपल्या राज्यघटनेची रीत आहे. ज्याला काहीच लागलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या घरातली गोष्ट घेऊन इथं का यावं, ते मला समजून घेऊ दे. बाईंना बोलू द्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रुएटनं मला पढवलं होतं: ‘राज्यातल्या प्रत्येक निष्पाप जिवासाठी’ असं म्हणायचं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण माझी नजर केंड्राकडे गेली. ती पुढे वाकून वीटाच्या जॅकेटच्या कॉलरवरचा धागा काढत होती. साधा एक धागा. अगदी सहज. माझ्या डोक्यात काय झालं मला सांगता येत नाही.

"लागलं की!" मी म्हणाले. "लागलं मला. ती तिच्याकडे गेली. मी आई आहे, माझ्याकडे यायला हवं होतं. मला का नाही सांगितलं? मी नेलं असतं तिला. मीच गाडी काढली असती, मीच बसले असते तिच्याजवळ. हिनं का न्यावं? माझी पोर आहे!"

प्रुएटनं डोळे मिटून घेतले. मागं माझ्या मोर्चाच्या मैत्रिणी बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी काय बोलून गेले ते मला तेव्हा कळलं. ते माझ्या पोटात इतके दिवस होतं हे मला तरी कुठं माहीत होतं? पण एकदा बोलल्यावर कळलं, की अक्षर न् अक्षर खरं आहे. नेलं असतं मी तिला. रडत नेलं असतं, देवाची माफी मागत नेलं असतं, पण नेलं असतं.

जज साहेबांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं हे दिसतंय मला, मॅडम. पण एवढ्यावर दावा उभा राहत नाही. तुम्हाला तो लावायचा अधिकार नाही." आणि दावा काढून टाकला. वीटानं एवढंच विचारलं, "सोमवारपासून बस चालवू ना?" हसली नाही, माझ्याकडे मान वर करून बघितलंही नाही. जिंकूनसुद्धा मला चिडायला जागा ठेवली नाही मेलीनं.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. डॉयल गाडी आणायला गेले. लोक बाजूनं जात होते, कुणी थांबत नव्हतं. वीटा रस्त्यापलीकडे ब्यूइकमध्ये जाऊन बसली. आणि केंड्रा माझ्याकडे आली. चार महिन्यांत पहिल्यांदा. वाटलं, कळलं पोरीला. शेवटी आईचंच खरं.

"आत बोललीस ते खरं होतं," ती म्हणाली. "तू नेलं असतंस. मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग का नाही गं सांगितलंस?"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मला काही कळेना. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते, ते ती सारखे मागं सारत होती.

"येताना मी पाच तास झोपले, आई. मधली गावं कधी गेली कळलंही नाही. आत्यानं एकदा गाडी थांबवून अंगावर तिचं जॅकेट घातलं, तेवढंच. काही विचारलं नाही. तू असतीस तर रडत गाडी चालवली असतीस, आणि मी तुझी समजूत काढत बसले असते. दर दहा मैलांनी विचारलं असतंस, बरी आहेस ना, बरी आहेस ना? मी त्या दिवशी बरी नव्हते. आणि तुझ्यासाठी ‘बरी आहे’ म्हणायची माझ्यात ताकद नव्हती."

आईनं विचारायचंसुद्धा नाही होय? एवढं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही बोलले. ओठ दाताखाली धरले. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला, जरासा, आणि पायऱ्या उतरायला लागली. मी स्वतःला बजावलं, नेल्डा, गप्प बस. आजच्या दिवस गप्प बस. रस्त्यापलीकडे वीटानं आतूनच दुसऱ्या बाजूचं दार उघडून ठेवलं होतं. केंड्रा रस्त्यापर्यंत पोचली आणि माझ्या तोंडून निघालंच.

"पण आता बरी आहेस ना गं?"

ती थांबली. वळली. लहान मुलाची समजूत घालावी तसं हसून म्हणाली, "हो आई, बरी आहे," आणि वीटाच्या गाडीत जाऊन बसली.